मिसेस रॉसच्या आईची रेकॉर्ड

गुरुवार, १४ ऑक्टोबर २००४, ग्लासगो

मी सांगते, सूनबाई लिहिते. नूतन, नवऱ्याबद्दल आहे म्हणून गाळू नकोस हो.

शेजारच्या मिसेस रॉस, माझ्याहूनही म्हाताऱ्या. त्यांची आई मोठी पियानो वाजवणारी. मायक्रोफोन नव्हते तेव्हा कर्ण्यासमोर बसून तिने एक रेकॉर्ड केली, आणि मिसेस रॉस पाळण्यात असतानाच ती वारली. लहानपणी त्या ती सारखी ऐकायच्या. आता रेकॉर्ड आहे, पण लावायला मशीन नाही. म्हणून आमच्या डॉक्टर विवेकने कुठूनतरी मशीन मागून आणलं, रेकॉर्ड कम्प्युटरवर घेतली आणि खरखर काढून तिची सीडी केली. आज चहाला बोलावून ऐकवली. पियानो कसा स्वच्छ! पण संपल्यावरही बाई कान देऊन बसल्या, जणू अजून काही यायचंय. मग "लव्हली, लव्हली" म्हणाल्या आणि चहा अर्धा टाकून घरी गेल्या.

मला ते लव्हली पटेना. एकदा लव्हली म्हणजे आवडलं. दोनदा म्हणाल्या होत्या ते माझ्या कारल्याच्या भाजीला.

विवेकला धरलं. "काय कापलंस रे?"

"अगं आई, फक्त नॉइज."

"आणि शेवटी?"

"वाजवून झाल्यावर कोणीतरी बाई हसली होती. तेवढं काढलं."

कोणीतरी बाई! म्हणे डॉक्टर. आईचा आवाज म्हणून मिसेस रॉसजवळ तेवढंच असेल का? की मलाच उगाच संशय... नाही, उगाच नाही.

"मूळची कॉपी ठेवलीयस ना?"

"आहे, खरखरीसकट."

"मग तीच नेऊन दे. आत्ता."

बूट घालताना पुटपुटतोय. पुटपुटू दे.