‘अलोन’ची पाच वाक्यं

४ फेब्रुवारी

ती. दादास धाकटीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

मी खुशाल आहे. सातला राहत्या खोलीतलं शिवणाचं दुकान बंद करून इंग्रजीच्या वर्गाला जाते. या आठवड्यात बाईंनी ‘अलोन’ हा शब्द दिलाय. रोजच्या जगण्यातली पाच वाक्यं करायची. मी केली ती अशी: आय कट क्लॉथ अलोन. आय ईट अलोन. आय सिंग अलोन. आय स्लीप अलोन. ऑन संडे आय ॲम अलोन ऑल डे.

तू जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्यास, तेव्हा एवढं तपासून पाठव. वर्गातल्या बाकीच्या वीस वर्षांनी लहान आहेत, त्यांच्यापुढे हसं नको. वहिनीचा ब्लाउज या खेपेला सैल शिवलाय, पण तिला बोलू नकोस.

लोभ आहेच, चुका दाखवतानाही राहू दे.

तुझी धाकटी

९ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझी वाक्यं तीनदा तपासली. चूक एकही नाही, म्हणून जास्तच लागलं. वहिनीला वाचून दाखवली तर ती पदराने डोळे पुसायला लागली. तुझे यजमान जाऊन सहा वर्षं झाली, आणि बहीण एकटी जेवते हे मला तिच्या गृहपाठातून कळावं, याची लाज वाटते.

आता मुकाट्याने ऐक. मागच्या खोलीतलं कपाट, पेट्या, मोडकी सायकल, सगळं बाहेर काढलं. खिडकीशी तुझं मशीन बसेल. तू जागा भाड्याने घेताना हमी माझी होती, म्हणून घरमालकांना मीच कळवून टाकलं, की महिनाअखेर तू सोडते आहेस. तुला विचारलं असतं तर आढेवेढे घेतले असतेस.

तुझी वाट पाहणारा,
दादा

१४ फेब्रुवारी

ती. दादास नुसताच नमस्कार, कारण मी रागावले आहे.

काल घरमालक एका जोडप्याला घेऊन आले. मला वाटलं गिऱ्हाईक. त्यांनी माझीच टेप मागून घेतली आणि माझीच भिंत मोजली. तुझं पत्र त्यांच्यामागून तासाभराने आलं. मी कपाळावर हात मारून घेतला.

अरे, कापड एकटीनेच बेतावं लागतं. कोणी गप्पा मारायला लागलं की कात्री भरकटते. सासरी चौदा माणसांना वाढून मी शेवटी गार जेवायचे. आता गरम जेवते, तेही पाय पसरून. गाते, कारण ऐकून तोंड वाकडं करायला कोणी नाही. ह्यांची आठवण येते, कधी खूप येते, नाही म्हणत नाही. पण ती या खोलीत बसूनच यावी असं वाटतं. जन्मात पहिल्यांदा दाराची किल्ली माझ्या एकटीकडे आहे. ती गेली तर मी खरोखरच रडेन. आजच्या आज घरमालकांना लिही.

मग पुन्हा लोभ करीन.

धाकटी

२४ फेब्रुवारी

चि. धाकटीस आशीर्वाद, आणि कान पकडून माफी.

घरमालकांनी उलट टपाली मला बरंच सुनावलं, पण खोली तुझीच राहिली. निर्धास्त राहा.

इकडे मागची खोली रिकामी पडली. वाईट वाटलं म्हणून पहिल्या दिवशी खुर्ची टाकून नुसता बसलो. दुसऱ्या दिवशी दार लोटून बसलो. आता रोज दुपारी तिथेच असतो. सुनांची भांडी, नातवंडांचा टीव्ही, काही ऐकू येत नाही. आधी वर्गभर पोरं, मग घरभर माणसं. असा तास माझ्या वाट्याला कधी आलाच नव्हता. काल वहिनी म्हणाली, कपाट परत आत ठेवू. मी म्हटलं, राहू दे, धाकटीचं मन कधी बदलेल सांगता येत नाही, खोली तयार असलेली बरी. तिला ते पटलं.

तेव्हा कृपा करून मन बदलू नकोस.

लोभ तिथूनच असू दे.

तुझा दादा