सुंदरीला गल्लीची खबर

ती. वेंकूअक्कांस,

तंजावूरहून शेषगिरीचा वाकून नमस्कार (कंबर वाकते तितकाच). कुंभकोणमच्या डॉक्टरांनी तुमच्या गुडघ्यांचे काय केले ते कळवावे. फोन सोडून पत्र लिहितो याचे नवल वाटेल. पण तुमची धाकटी बहीण सुंदरी सध्या अशी पडून आहे की परसात कुजबुजले तरी तिला ऐकू जाते, आणि आमच्या घरात देवनागरी माझ्याखेरीज कोणी वाचत नाही.

सुंदरीच्या डाव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले हे तुम्हाला ठाऊकच आहे (उजवा मधुमेहाने आधीच नेला). डोळ्यात वायू भरला आहे आणि आतला पडदा जागी बसावा म्हणून दोन आठवडे पालथे निजायला सांगितले आहे. जी बाई चाळीस वर्षे खिडकीत भाजी निवडता निवडता सारी गल्ली पाहत आली, तिने उशीत तोंड घालून दिवस कसे काढावेत? तिसऱ्या दिवशी हुकूम झाला, ओट्यावर बसा आणि काय काय होते ते येऊन सांगा. मी तासभर बसलो आणि सांगितले की काही झाले नाही. त्यावर ती जे बोलली ते वडीलधाऱ्यांना लिहिण्याजोगे नाही.

अक्का, माझी हयात सरकारी कचेरीत गेली. फाइलीत जे नाही ते पाहायची मला सवयच नाही. सुंदरी विचारते, आज मल्लीपू कोणाच्या हाताने मोजला? इकडे मोगऱ्याचा गजरा कोपरापासून बोटापर्यंत मोजतात हे तुम्ही जाणताच. फूलवालीचा हात आखूड, तिच्या लेकीचा लांब, तेव्हा कोण आली याला महत्त्व आहे. खात्री करावी म्हणून दुसऱ्या दिवशी मी जरा वाकून फूलवालीचे कोपर न्याहाळले. तिने पदर ओढून घेतला आणि या ‘सार’ला (म्हणजे मला) काय हवे आहे, असे तमिळमध्ये साऱ्या गल्लीला विचारले. तेव्हापासून ती आमच्या घरासमोर आली की पलीकडच्या बाजूने जाते. हे सांगितले तेव्हा सुंदरी उशीत तोंड खुपसून इतकी हसली की पडदा हलेल म्हणून मीच तिला दटावले.

मग हळूहळू दिसू लागले. समोरचा रघोजी मोपेड काढतो तेव्हा त्याची बायको सरस्वती दारात येते आणि तो कोपऱ्यावर वळेपर्यंत उभी राहते. तो एकदाही मागे पाहत नाही. ती रोज उभी राहते. मी या घरासमोर चाळीस वर्षे राहतो आहे, अक्का, आणि हे मला आत्ता कळले.

शुक्रवारी मात्र घात झाला. ओट्यावर माझा डोळा लागला आणि आत जाऊन मी ठोकून दिले की सरस्वतीने आज दारात तांदळाच्या पिठाने आठ पाकळ्यांचे मोठे कोलम घातले आहे. सुंदरीने उशीतच बोटांवर तिथी मोजली. मग म्हणाली, "आज त्यांच्याकडे सासऱ्याचं श्राद्ध ना हो? श्राद्धाच्या दिवशी दारात कोलम कोण घालतं?" आता ती रागावणार म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. ती रागावली नाही. "आता तुम्ही सांगाल तेच मला दिसायचं," म्हणाली, "त्यात खोटं नको." तिच्या पाठीवर हात ठेवून मी शपथ घेतली, आणि परसात जाऊन रडलो.

बाकी सर्व क्षेम. साडूभाऊंना नमस्कार सांगावा.

आपला,
शेषगिरी

ता. क. दवाखान्यात डॉक्टरांनी मला दाराबाहेर नेऊन सांगितले होते की आशा निम्मीच आहे. सुंदरीला मी सांगितले, नक्की दिसणार. हे शपथेच्या आधीचे खोटे आहे आणि ते अजून तसेच आहे. पुढल्या गुरुवारी डोळा तपासायचा आहे. तुम्ही बुधवारी या आणि तिला तुमच्या तोंडून सांगा. माझ्याने होत नाही.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवत होतो तोच आतून आवाज आला, "अक्काला लिहून झालं? आशा कमीच आहे तेही लिहिलंत ना?" तुला कोणी सांगितले, असे मी विचारले. म्हणाली, "पंधरा वर्षं तुम्ही मला साखरेच्या डब्याजवळ फिरकू दिलं नाहीत. दवाखान्यातून आल्यापासून माझ्या कॉफीत साखर घालताय." मी घालत होतो हे मला खरेच ठाऊक नव्हते. तेव्हा तिला काही सांगायला येऊ नका. गुरुवारी दवाखान्याच्या बाकावर मला एकट्याला बसवणार नाही, तेवढ्यासाठी या.