थर्माकोलच्या भिंती आणि माझा शांत स्वभाव

१० जानेवारी, सकाळ
संकल्प दोन. अक्षय्य तृतीयेला नव्या घराची वास्तुशांत. आणि आवाज चढवायचा नाही. अख्ख्या राजुरीत घरं म्हणजे विटांच्या नाहीतर पत्र्याच्या भट्ट्या आहेत. माझं घर वेगळं. थर्माकोलचे पोकळ ठोकळे रचायचे, आत सळई, वरून काँक्रीट. थर्माकोल कायम तिथंच. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, शंभर वर्षं मरण नाही. पुण्याच्या प्रदर्शनात बघितलंय. बायकोला, प्रतिभाला, शांतपणे समजावलं. म्हणाली, गणपतीचं मखर हाय ते, मी न्हाई राहायची. रस्त्यापलीकडून कोंडाबाईनं विचारलं, भांडण कशावरनं चाललंय? भोचक बाई.

२ फेब्रुवारी
ठोकळे आले. त्यातले दोन टेम्पोतून उडाले, शेजारच्या भरतच्या कांद्याच्या शेतात सापडले. गाव बघायला जमलं. एकानं विचारलं, भाऊ, मूर्ती कधी बसवायची? हाकलला नालायकाला. चिडलो नव्हतो. हातात फावडं होतं एवढंच.

१६ फेब्रुवारी, सकाळ
आज काँक्रीट. कंपनीचा माणूस फोनवर म्हणतो, तीन-तीन फुटांचे थर भरा, मध्ये थांबा. थांबा म्हणे! बोकड कापलाय. नवाब मिस्त्रीसकट सगळ्यांना जेवण सांगितलंय. काम उरकल्याशिवाय पंगत बसत नाही, ही आपली रीत. तोवर रस्सा काय पाहुण्यासारखा बसून राहील? एका दमात भरणार.

दुपार
मेव्हणा गोरख म्हणाला, दाजी, थांबू का, ठोकळा फुगल्यागत दिसतोय. मी म्हणालो, ओत! मिक्सर चालू होता म्हणून मोठ्यानं बोलावं लागलं. भिंत खालून फाटली. सगळा माल प्रतिभाच्या मेथीच्या वाफ्यात. तिच्या आईनं दिलेलं चाफ्याचं रोपही तिथंच होतं. होतं. ती मध्ये धावली, तिला सगळ्यांदेखत बाजूला हो म्हणालो. जरा जोरात. चूक ठोकळ्याची. मटण मात्र झकास झालं होतं.

५ मार्च
प्रतिभा बोलत नाही. तोंडाला कुलूप! मी विचारून विचारून घसा बसवला. आज शेवटी म्हणाली, घर कसलं का बांधा, जिथं हा आवाज न्हाई तिथं मी राहीन. म्हणजे माहेरी जायची धमकी. मला धमकी! घर असं करून दाखवतो की जायचं नावच काढणार नाही.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया
वास्तुशांत झाली. फाटलेली भिंत पुन्हा भरली, तिचं फुगलेलं पोट प्लास्टरमध्ये झाकलंय, सांगितल्याशिवाय कळत नाही. बाहेर अंगाची लाही, आत लई गार! डबल काचेच्या खिडक्या. प्रतिभा आत गेली, दार लावून उभी राहिली. मी बाहेर मंडपवाल्याला समज देत होतो. ती बाहेर आली, चेहरा खुललेला. विचारलं, आत काही ऐकू आलं का? म्हणाली, एक शब्द न्हाई. आणि हसली! फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. जिंकलो. मखर म्हणत होती.

४ मे, दुपार
प्रतिभा नव्या घरात राहायला गेली. स्वतःहून. गावभर सांगते, असं घर तालुक्यात न्हाई.

माझी गादी तिनं जुन्या पत्र्याच्या खोलीत ठेवलीय. पत्रा नुसता पेटलाय. नव्या घराला आतून कडी लावलीय. जेवल्यापासून दारात उभा राहून शांतपणे समजावतोय. शेवटी कोंडाबाईच रस्ता ओलांडून आली. म्हणाली, भाऊ, कशाला घसा फोडताय, तिला काय बी ऐकू जात न्हाई, सगळं आमाला येतंय.