खडी कुणाच्या वाट्याला

मी, आयव्हली हेन्सली, कै. कर्मिट हेन्सली यांची पत्नी, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार मर्सर्स गॅप, ओव्हरबी काउंटी, राज्य टेनेसी, हे मृत्युपत्र राजीखुशीने स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझ्यावर कुणाचा दाब नाही. मुलाचा थोडा आहे, पण तो मी मानलेला नाही. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. स्मरणशक्तीही शाबूत आहे, आणि तिचाच जास्त त्रास होतो. यापूर्वीची दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत खोटे काही नव्हते, मी फक्त बरेच गाळले होते.

कलम १. राहते घर व मागचे आवार मुलगा रँडल यास द्यावे. तो येत्या ऑगस्टमध्ये काउंटीच्या मेयरपदाला उभा आहे. अंगणात मी त्याच्या प्रचाराची पाटी लावू दिली नाही, म्हणून तो रुसला आहे. घर ताब्यात आल्यावर हव्या तितक्या लावाव्यात.

कलम २. कर्मिटची सर्व हत्यारे काउंटीच्या रस्तेखात्याच्या गॅरेजला द्यावीत. ती वापरावीत, शोभेला मांडू नयेत. कर्मिट तिथे तीस वर्षे ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करायचे यंत्र, चालवत होता. आमची ओळखही त्या ग्रेडरमुळेच झाली.

ते थोडे सांगणे भाग आहे. माझे सासरे होबर्ट हेन्सली अठ्ठावीस वर्षे काउंटी जज होते. त्या काळी जज म्हणजे सगळे काही. खटला तोच चालवी, कर तोच ठरवी, आणि कोणत्या वस्तीच्या रस्त्यावर खडी पडायची हेही तोच सांगे. ज्यांनी मत दिले त्यांच्या दारापर्यंत खडी, बाकीच्यांना चिखल. माझे माहेर बक फोर्कला, आणि माझ्या वडिलांनी मत दिले नव्हते. एकोणीसशे बावन्न सालच्या मार्चमध्ये आई बाळंतपणात अडली. डॉक्टरांनी गाडी ओढ्याशी सोडली आणि दोन मैल चिखल तुडवत ते आले. ते पोचले तेव्हा आई गेली होती, आणि वडील दारात नुसते उभे होते. पुढच्या आठवड्यात जजचा थोरला मुलगा बापाला न विचारता खडी आणि ती पसरायला ग्रेडर घेऊन आमच्या दारी आला. तो कर्मिट. तीन वर्षांनी मी त्याच्याशी लग्न केले.

कलम ३. बक फोर्कची माहेरची तीस एकर जमीन डार्ला गोइन्स हिला द्यावी. रँडल विचारील, "ती आपली कोण?" त्याच्यासाठी खालचे लिहिते.

अठ्ठ्याहत्तर साली कायदा बदलला. जजकडचे न्यायदान गेले आणि काउंटीचा मुख्य कारभारी लोकांनी निवडायचा ठरले. पाटीवर 'काउंटी एक्झिक्युटिव्ह' असे नाव आले. जजसाहेब त्याच खुर्चीसाठी नव्या नावाने उभे राहिले. मी त्यांच्या कचेरीत सोळा वर्षे टंकलेखन केले होते, त्या खुर्चीतून काय चालते ते मला ठाऊक होते. मीही अर्ज भरला. त्या रविवारी जेवणाच्या टेबलावर जजसाहेब म्हणाले, "बटाटे दे इकडे. आणि अर्ज मागे घे." मी बटाटे दिले.

मतदान गुरुवारी झाले. शुक्रवारी सकाळी दहा वाजता सगळ्या पेट्या मोजून झाल्या होत्या. जजसाहेब बासष्ट मतांनी पुढे होते. फक्त बक फोर्कची पेटी आली नव्हती. आम्ही दोघे निघालो, कर्मिट ग्रेडरवर आणि मी मागे गाडीत. ओढ्यावरच्या अरुंद पुलावर शेरीफचा शिपाई एस्टल गोइन्स गाडी आडवी लावून उभा होता. पलीकडे मतदान केंद्राच्या दोन बाया पेटी मांडीवर घेऊन ट्रकमध्ये बसल्या होत्या. रात्रभर तशाच.

"पूल धोक्याचा झालाय," एस्टल म्हणाला. "वरून हुकूम आहे. कुणाला सोडायचं नाही." त्याचा हात पिस्तुलावर होता.

तेवढ्यात जजसाहेबांची गाडी मागे येऊन थांबली. कर्मिट खाली उतरला नाही.

"धोक्याचा आहे का ते बघतो," तो म्हणाला. "ग्रेडर बारा टनांचा आहे. पेलला तर पेटीही पेलेल."

"कर्मिट, खाली उतर," जजसाहेब म्हणाले.

"तुम्हीच बांधलाय ना पूल, बाबा? मग भ्यायचं कशाला?"

त्याने गिअर टाकला. पुढची चाके फळ्यांवर चढली आणि पूल करकरला. खाली वीस फूट ओढा होता. एस्टल गाडीपासून हलेना, आणि कर्मिट थांबेना. दोघांत चार हात अंतर उरले. जजसाहेबांचा चेहरा मी पाहिला. तो पूल कसा बांधला होता, हे त्यांना एकट्यालाच माहीत होते.

"एस्टल, गाडी काढ," ते म्हणाले.

बक फोर्कची पेटी मोजली, आणि मी एकतीस मतांनी निवडून आले. किल्ल्या देताना जजसाहेब म्हणाले, "खडी कुणाला द्यायची नाही, हे तुला लवकरच कळेल." मी मनातून हसले.

नव्या शेरीफने एस्टलला काढून टाकले. तो बायको व्हर्ना आणि मुलगी डार्ला यांच्यासह पाइनी दरीत राहायला गेला. तिथल्या रस्त्यासाठी त्याने तीन अर्ज दिले. तिन्ही मी गठ्ठ्याच्या तळाशी सरकवले. दर वेळी मला तो पूल आठवे, आणि बरे वाटे. एक्याऐंशीच्या जानेवारीत व्हर्नाच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका दीड मैल खाली रुतली. एस्टल आणि एकोणीस वर्षांची डार्ला यांनी तिला दरवाजाच्या फळीवर घालून खाली आणले. ती वाटेतच गेली. चार दिवसांनी मी अकरा ट्रक खडी पाठवली. कुणी मला दोष दिला नाही. गठ्ठ्याचे कुणाला ठाऊकच नव्हते. कर्मिटला मात्र कळले. तो एवढेच म्हणाला, "तुझी आई गेली तेव्हा मी स्वतः तरी आलो होतो." पुढे बावीस वर्षे जगला, पण हा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

कलम ४. काळ्या रेक्झिनची वही. कोणते घर कुणाला मत देते याची यादी जजसाहेबांनी त्यात ठेवली होती. शेवटची नऊ पाने माझ्या अक्षरात आहेत. गेल्या महिन्यात रँडल म्हणाला, "आई, नुसती बघायला दे." मी त्याच्या वडिलांकडे पाहावे तसे त्याच्याकडे पाहिले, आणि मला त्याच्यात त्याचे आजोबा दिसले. वही गावच्या वाचनालयात उघड्या टेबलावर ठेवावी. पाने फाडू नयेत, माझी तर नाहीच नाही.

कलम ५. बँकेतील शिल्लक रुग्णवाहिका पथकास द्यावी.

कलम ६. मला कर्मिटशेजारी पुरावे. दोन हजार तीन साली जजसाहेबांच्या आणि माझ्या त्या पदाला 'मेयर' म्हणू लागले, म्हणजे तिसरे नाव झाले. थडग्याच्या दगडावर तिन्हींपैकी एकही नाव कोरू नये.

पुरवणी, सही करण्यापूर्वी त्याच टेबलावर लिहिलेली. कलम तीन डार्लाने माझ्या तोंडून ऐकावे म्हणून मी तिला आज वकील प्रुइट यांच्या कचेरीत बोलावले. तिने स्वतःच वाचले, दोनदा. मग कागद टेबलावर ठेवला.

"रस्त्यात आई मला म्हणत होती, दमलीस तर खाली ठेव," ती म्हणाली. "हे तुम्हाला माहीत नव्हतं."

मी म्हणाले, "नाही."

ती प्रुइटांकडे वळली. "साक्षीदाराला वाटा मिळतो का?"

"नाही. साक्षीदार म्हणून सही केलीस, तर जमीन जाईल."

"मग पेन द्या. मला जमीन नको. यांनी हे लिहिलंय, त्याला साक्षीदार मी असणार."

कलम तीन खोडून नवी प्रत करावी, असे प्रुइट म्हणाले. मी नकार दिला. ते तसेच राहू द्यावे. जमीन काउंटीने विकावी, आणि तो पैसा पाइनी दरीच्या रस्त्याला लावावा.

सही: आयव्हली हेन्सली
साक्षीदार: नेल्डा ओक्स, वकील प्रुइट यांच्या कारकून
साक्षीदार: डार्ला गोइन्स, व्हर्ना गोइन्स यांची मुलगी
मर्सर्स गॅप, शुक्रवार, १४ मे २०१०