कुणी मरत नाही अशा गोष्टी

आई, आज फवारणीचे दिवस संपत आलेत. कळंबच्या रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला दिसतो, आणि एसटीच्या खिडकीशी बसले की मला तुझीच सीट आठवते, ड्रायव्हरच्या मागची. तिथं बसून तू रोज यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात नर्सच्या ड्यूटीला जायचीस. बाबा गेल्यापासून घरात आपण दोघीच होतो. मी गावातल्या शाळेत शिकवायचे, आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून गोष्टी लिहायचे. चोरीच्या, खुनाच्या, कोडं सुटण्याच्या. तुला त्या वाचून दाखवायचा मोह मला आवरत नसे.

पहिली गोष्ट मी तुला वाचून दाखवली ती संध्याकाळ अजून जशीच्या तशी आहे. तू नुकतीच आलेली आहेस, पाय धुऊन भिंतीला टेकून बसली आहेस, चुलीवर वरण शिजतंय. माझ्या गोष्टीतला सावकार दुधातून दिलेल्या विषानं मरतो. मी मोठ्या ऐटीत ते पान वाचते. तू मध्येच हात वर करतेस.

"बस कर."

"काहून? पुढं तर मजा आहे."

"मी दिवसभर तेच पाहून येते. घरी पुन्हा तेच नको मले. तुले लिहायचंच असंल तर कोनी मरनार नाही असं लिही."

मला राग आला होता. कुणी मरत नाही ती कसली रहस्यकथा, असं मी म्हणालेही. तू उठून वरणाला फोडणी दिलीस. तेव्हा तुझ्या वॉर्डात रोज कुणी ना कुणी येत होतं. कुणी कापसावर विषारी औषध फवारताना चक्कर येऊन पडलेलं, कुणी तेच स्वतःच्या हातानं घेतलेलं. मला ते ठाऊक होतं, पण पेपरात वाचून ठाऊक असावं तसं.

मग काही दिवसांनी तूच मला एक गोष्ट दिलीस. भाकरी थापता थापता सांगितलीस. केळापूरकडच्या एका गावातून फवारणी करताना कोसळलेला माणूस आणला होता. सोबत त्याची बायको आणि त्याची म्हातारी आई. त्याला जीपमध्ये चढवताना बायकोची काळ्या मण्यांची पोत तुटली, तिनं मणी वेचून पदराच्या गाठीत बांधले. सकाळी जाग आली तर गाठ सुटलेली आणि मणी गायब. बाईनं वॉर्ड डोक्यावर घेतला. पोत गेली म्हणजे आता माणूसही जाणार, असं तिनं मनाशी धरलं. पहाटे फरशी पुसून गेलेल्या आयाकडे सगळे बघू लागले. ती बिचारी जिन्यात जाऊन रडत बसली.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"काही नाही. पाहत राह्यले." तुला दिसलं ते एवढंच, की आदल्या दिवशी रडून रडून थकलेली म्हातारी आज एकदम गप्प आहे, आणि मुलाच्या उशीची खोळ कुणाला बदलू देत नाही. राहू दे बाई, त्याले आताच डोळा लागला, असं म्हणते. तू तिच्यासाठी चहा आणलास, शेजारी बसलीस आणि हळूच विचारलंस, "माय, उशीत काय ठेवलं?"

म्हातारी म्हणाली, "तुटली पोत तिच्या गयात कशी घालू? म्हनून त्याच्याच डोक्याखाली ठेवली. तिचं सौभाग्य त्याच्या डोक्याखाली हाय तंवरी त्याले कोनी नेत नाही."

तू कुणाला काही कळू दिलं नाहीस. मणी धुवायच्या चादरींत सापडले असं वॉर्डभर मोठ्यानं सांगितलंस, आयाला हात धरून आत आणलंस, आणि सासू-सुनेला दोरा देऊन खाटेशेजारीच पोत ओवायला बसवलंस. मी विचारलं, "आणि तो माणूस?" तू भाकरी उलटवलीस. "गेला घरी. आपल्या पायानं चालत गेला." त्याच्या आजूबाजूच्या खाटांवरच्या माणसांचं काय झालं, ते तू सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही.

माझी पहिली कादंबरी त्यातूनच झाली. शोध घेणारी एक रिटायर नर्स, हरवलेली वस्तू, आणि शेवटी कुणाची अब्रू न जाता सुटलेलं कोडं. नागपूरच्या एका लहानशा प्रकाशकानं ती काढली. मग दुसरी आली, तिसरी आली. एसटी स्टँडवरच्या दुकानात त्या दिसायला लागल्या तेव्हा तू मुद्दाम तिथंच पान घ्यायला थांबायचीस.

यवतमाळच्या वाचनालयातला माझ्या पुस्तकांचा तो कार्यक्रम तुला आठवत असेल. एक तरुण उभा राहिला आणि म्हणाला, जिल्ह्यात माणसं मरत असताना तुम्ही हरवलेले दागिने शोधत बसता, हे तुम्हाला बरं वाटतं? तू मागच्या रांगेत मांडीवर पिशवी घेऊन बसली होतीस. परतीच्या गाडीत मी म्हणाले, आता हे लिहिणं सोडते.

"त्याचं चुकलं नाही," तू म्हणालीस. "कोनीतरी ते लिहालेच पाहिजे. त्यानं लिहावं. पन वॉर्डातून घरी गेल्यावर मानसानं काय वाचावं? मले सांग, मी काय वाचू?"

त्यानंतर मी लिहिणं सोडायची भाषा केली नाही. तुझ्यासारखं दिवसभर बघून घरी येणारं कुणीतरी डोळ्यांपुढे ठेवते आणि लिहिते. अजूनही तसंच.

चौथ्या कादंबरीच्या वेळी तू अंथरुणावर होतीस. लग्नघरातून नवरीची पैठणी नाहीशी होते, ती गोष्ट. रोज दुपारी मी तुला थोडं थोडं वाचून दाखवायचे. एक दिवस तू म्हणालीस, "पुढचं राहू दे. कोनी नेली ते आताच सांग."

"नवरीच्या काकानं."

तू डोळे मिटून विचार केलास. आवाज अगदी बारीक झाला होता, पण त्यात वॉर्डातला हुकूम तसाच होता. "छे. तो सकाळपासून मांडवात एकटा राबून राह्यला. जेवला बी नाही. तो कायले चोरंल? कोनीच नाही नेली असं कर. घाईघाईत भलत्याच पेटीत ठेवल्या गेली. लग्नघरात होतेच असं."

त्याच आठवड्यात तू गेलीस. मी शेवट तुझ्या म्हणण्याप्रमाणे लिहिला. चोर नसलेली चोरी कोण वाचेल म्हणून प्रकाशक कुरकुरला, पण वाचकांना तेच पुस्तक सगळ्यात जास्त आवडलं. अजून कुणीतरी भेटतं आणि म्हणतं, शेवट वाचून जीव थंड झाला.

हे कागद टपालाच्या पेटीत टाकायचे नाहीत, कुणाला दाखवायचे नाहीत, म्हणून लिहिते. आई, तुझ्यासमोर तेव्हा वाद घातला नाही. पण पैठणी काकानंच नेली होती.