टोचनगाडी आणि ग्यानबाचा हिस्सा

मी, व्यंकटराव किशनराव गरड, वय वर्षे बहात्तर, राहणार देवगाव फाटा, तालुका सेलू, जिल्हा परभणी, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता माझ्या पश्चातची व्यवस्था या कागदावर लिहून ठेवत आहे. मला बारीक दिसत नाही, म्हणून लेखणी आमच्या शाळेच्या मंजुषाबाईंची आहे. शब्द माझे आहेत. डॉक्टरांचा दाखला मागे जोडला आहे. त्यात हृदय कमजोर आणि डोकं ठिकाणावर असं लिहिलं आहे. गेल्या दिवाळीत केलेलं मृत्युपत्र मी रद्द करतो. ते का रद्द करावं लागलं ते कलम चारमध्ये येईल.

कलम १. फाट्यावरचं राहतं घर पत्नी कस्तुराबाई हयात असेपर्यंत तिचं, त्यानंतर मुलगा हरिओम याचं. तिला कुणी बळंच पुण्याला नेऊ नये. जायचं असेल तर ती स्वतः सांगेल. तिचं ऐकायची सवय मी लावून घेतली नाही, तुम्ही लावून घ्या.

कलम २. तीन एकर शेत आणि विहीर हरिओम व मुलगी राजेश्री यांना निम्मी-निम्मी. राजेश्रीनं हक्कसोड लिहून द्यावी असं भावकी म्हणेल. तिनं देऊ नये.

कलम ३. माझी साखळी-कप्पी शेजारच्या महारुद्रनं नेऊन अकरा वर्षं झाली. ती मागायला कुणी जाऊ नये. माझ्या वाट्याची भांडणं मी करून बसलो आहे.

कलम ४. टोचनगाडी, म्हणजे बंद पडलेली वाहनं ओढून आणायचा माझा जुना ट्रक, मागच्या खांबासह आणि हुकासह. या कलमाला वेळ लागेल. मंजुषाबाईंना मी तसं आधीच सांगितलं आहे.

ही गाडी १९९८ साली आम्ही दोघांनी घेतली. मी बैलजोडी विकली आणि माझा दोस्त ग्यानबा सटवाजी देवकते यानं आपली बावीस मेंढरं विकली. कागदावर नाव माझं एकट्याचं लागलं, कारण त्या दिवशी तो मेंढरांमागं रानात होता. तो म्हणाला होता, "नाव कुनाचं बी असू द्या दादा, चाकं तर आपली हायेत." माझा गुडघा अधू, क्लच जड, म्हणून मोठं ओझं असलं की गाडी तोच चालवायचा. हलकं काम मी करायचो. पंधरा वर्षं अशी गेली.

२०१३ साली जुना खांब वाकला. नवा मी स्वतः वेल्डिंग करून बसवला. त्यानंतर गाडीला एक विचित्र खोड लागली. भरलेला ट्रक मागं अडकवला की दिवे मिचमिचायचे, बल्ब उडायचे. वाटेत इंजिन बंद केलं की सेल्फ उचलायचा नाही. ओझं सोडलं की गाडी ठणठणीत. मिस्त्रीकडं नेली की तिथंही ठणठणीत. आम्ही बॅटरी बदलली, सेल्फ उघडला, चावीचा स्विच बदलला, एक-एक वायर हातानं चाचपली. महिनाभर नीट चालायची आणि पुन्हा भर रस्त्यात मरायची. मग जिंतूरकडची दुसरी क्रेन येऊन आमचं गिऱ्हाईक घेऊन जायची.

ज्या दोषाचा नेम नसतो तो माणसाचं डोकं खातो. माझ्या एक लक्षात आलं की गाडी मरते ती फक्त ग्यानबाच्या हातात. माझ्या हातात एकदाही मेली नव्हती. कुणीतरी कानावर घातलं की त्याचं दुसऱ्या क्रेनवाल्याशी साटंलोटं आहे. कस्तुराबाई म्हणाली, "ग्यानबाभावजी असं करनार न्हाईत. आदी गाडी बगा." मी गाडी बघितली नाही.

एप्रिल २०१६ मध्ये, सकाळी दहा वाजता, फाट्यावर सिद्धोधन वाव्हळे यांच्या हॉटेलापुढं, वीस-पंचवीस लोकांदेखत मी ग्यानबाला म्हणालो, "तूच तार काढायलास. खाल्ल्या घरचे वासे मोजायलास."

तो हसलाच आधी. मग म्हणाला, "गाडी खोटं बोलायली दादा, मी न्हाई. पोरीची आन घेऊ का?"

मी म्हणालो, "चोराच्या आनेला काय किंमत हाय?"

त्यानं चावी हॉटेलाच्या बाकावर ठेवली आणि पायी निघून गेला. बावीस मेंढरांचं नाव त्यानंही काढलं नाही, मीही नाही.

पुढं पावणेतीन वर्षं मी एकट्यानं जीप आणि टेंपो ओढले. गाडी एकदाही मेली नाही. मी लोकांना सांगत राहिलो, बघा, तो गेला आणि दोष गेला.

जानेवारी २०१९ मध्ये पिंगळीजवळ उसानं भरलेला ट्रक बंद पडला. दुसरं कुणी मिळेना म्हणून मीच गेलो. ओझं उचललं, थोडं अंतर गेलो, रेल्वे फाटकाशी इंजिन बंद केलं. पुन्हा सेल्फ मारला. काही नाही. ग्यानबा तिथं नव्हता. स्टिअरिंगवर हात माझे होते.

त्या दिवशी पहिल्यांदा मी ओझं न सोडता दोष शोधला. बॅटरीच्या अर्थिंगच्या टोकापासून एक जाड वायर थेट इंजिनला लावली. सेल्फनं झटक्यात उचल घेतली. म्हणजे दोष अर्थिंगमध्ये होता. खांब बसवताना बॅटरीची अर्थिंगची वायर मीच जुन्या जागेवरून काढून खांबाच्या बुडाच्या लोखंडी पट्टीला आवळली होती. खाली रंग घासून काढला नव्हता. मागं मोठं ओझं आलं की पट्टी सुताभर उचलायची आणि सांधा तुटून करंट थांबायचा. ओझं उतरलं की पुन्हा चिकटायची. पट्टी माझी, वेल्डिंग माझं, आळसही माझा. रंग घासून वायर चासीला बसवायला वीस मिनिटं लागली.

पिंगळीहून सरळ ग्यानबाकडं जायचं होतं. मी घरी आलो. म्हटलं संक्रांत होऊ दे, मग म्हटलं सुगी होऊ दे.

पुढच्या वर्षी पाथरीच्या बसस्टँडवर तोच समोर आला. खांद्यावर घोंगडी, अंगानं वाळलेला. मी तोंड फिरवायच्या आत म्हणाला, "राम राम दादा. गाडी कशी हाय?"

"बरी हाय."

"मग काय निघालं व्हतं शेवटी?"

मी म्हणालो, "काई न्हाई. आपोआप बरी झाली."

त्यानं खांद्यावरची घोंगडी सारखी केली. मग "बरं झालं" म्हणाला आणि बसमध्ये चढला. दोन वर्षांनी तो वारला. त्याच्या तेराव्याला मी गेलो, जेवलो आणि न बोलता परत आलो. हे मी तेव्हा कस्तुराबाईलाही सांगितलं नाही.

गेल्या दिवाळीत मी मृत्युपत्र केलं. त्यात सगळी हकिगत लिहिली आणि गाडी ग्यानबाच्या मुलीला, दीपिकाला बक्षीस दिली. ते वाचून दाखवायला ग्यानबाची बायको भिवराबाई हिच्याकडं गेलो. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजी तुमी मेल्यावर लोकास्नी कळनार? माझा मालक चोर म्हनून मेला. तुमी चांगले म्हनून मरनार. नगं आमाला तुमचा कागद. जितेपनी बोला, जिथं बोलला तिथंच."

मला चार महिने लागले. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी मी फाट्यावर उभा राहिलो. रस्ता रुंद झाला, हॉटेल कधीच मोडलं. सिद्धोधन आले, कस्तुराबाई आली, भिवराबाई आणि दीपिका जीपनं आल्या. मी मोठ्यानं सांगितलं की ग्यानबा देवकते यानं कधीही तार काढली नाही, दोष माझ्या हातचा होता, आणि तो कळल्यावरही मी त्याच्या तोंडावर खोटं बोललो. त्या दिवशीचे लोक आता राहिले कुठं. कितीतरी वारले, काही पुण्याला गेले. जीपची वाट बघणारी पोरं एकमेकांना विचारत होती, ग्यानबा कोण?

भिवराबाई म्हणाली, "एवडंच बोलायचं व्हतं. किती वर्सं लागली." पदर डोक्यावर घेतला आणि जीपमध्ये जाऊन बसली. मला माफ केलं असं ती म्हणाली नाही. तसं या कागदातही कुणी लिहू नये.

दीपिकानं आयटीआय केलं आहे, परभणीत जळालेल्या मोटारींची वायंडिंग भरायचं काम करते. ती थांबली आणि म्हणाली, "बक्षीस म्हनून न्हाई घेनार. बाबाचा हिस्सा म्हनून लिव्हा, मग घेते." म्हणून असं लिहितो: सदर गाडीत निम्मा हिस्सा कै. ग्यानबाचा पहिल्यापासून होता. तो दीपिकाचाच आहे. तो देणारा मी कोण? उरलेला निम्मा मी या मृत्युपत्रानं तिला देतो. हत्यारांची पेटी गाडीबरोबर जाईल. हरिओम गाडी भंगारात घाला म्हणत होता. त्याचा यावर काही हक्क राहणार नाही. नाव बदलायचा अर्ज केला आहे. त्याआधी मी गेलो तर हे कलम लागू व्हावं.

कलम ५. माझ्या तेराव्याला फाट्यावर जेवणावळ घालू नये.

कलम ६. गाडीचा ताबा मी काल दिला. दीपिका शेजारच्याचा भरलेला ट्रॅक्टर घेऊन आली, मागं अडकवला आणि माझ्या जागेवर बसली. मी सवयीनं बाजूला चढून बसलो होतो. तिनं सेल्फ मारला, गाडी सुरू झाली. तिनं बंद केली, पुन्हा मारला. असं चार वेळा केलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "काका, तुमी उतरा आता."

मी उतरलो.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी केली.

ठिकाण: देवगाव फाटा, ता. सेलू, जि. परभणी
दिनांक: १७ मार्च २०२५

सही: व्यंकटराव किशनराव गरड

साक्षीदार:
१. सिद्धोधन लिंबाजी वाव्हळे, देवगाव फाटा
२. मंजुषा रामराव मगर, शिक्षिका, सेलू