बैलाच्या बरगडीवरचा हात

बाबा, पन्नाशीत मी पुन्हा पळायला लागले आहे. हसू नका. मनगटावर एक घड्याळ असतं, ते वेळ कमी आणि छातीचे ठोके जास्त सांगतं. ठोके ठरलेल्या हद्दीपलीकडे गेले की किरकिरतं, आणि मला चालावं लागतं. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंचा तसा हुकूमच आहे. अमरावतीची एकवीस किलोमीटरची शर्यत मला पुरी करायची आहे, आणि तुम्ही ज्या दुखण्याने गेलात ते माझ्याही वाट्याला येऊ शकतं, म्हणून ही राखण. त्या म्हणतात, लांब पळायचं तर बहुतेक दिवस हळूच पळायचं, गप्पा मारता येतील इतपत. काळीज त्यानेच तयार होतं. रोज जीव तोडून पळाल तर नुसत्या दमाल. फिरायला निघालेले म्हातारे मला मागे टाकून जातात तेव्हा अंगाचा तिळपापड होतो. तुमचीच लेक ना मी!

तुमची रीत तर अगदी उलटी. लहानपणीचं अजून डोळ्यांपुढे आहे, मूर्तिजापूरकडच्या आपल्या वावराला मी चकरा मारते आहे. तुम्ही वखर थांबवता, बैलाच्या पुढच्या पायामागे बरगडीवर तळहात ठेवता. धडधड जास्त लागली की जू उतरवून त्याला सावलीत नेता. आणि मला ओरडता, "पळ वो बाई, आणखी एक चक्कर!" शिदोरी घेऊन धुऱ्यावर, वावराच्या बांधावर आलेली आई चिडते, "बैलाले दम खाऊ देता, अन् पोरीले कावून पळवून राहिले?" तुम्ही हसता. "बैलाले बोलता येते काय? पोरगी थकली तं सांगन नं."

मी कधी सांगितलंच नाही. तुमचं ते कौतुकाने बघणं मला हवं असायचं. पण बाबा, बोलता तर तुम्हालाही येत होतं. छातीत दुखत असताना तुम्ही वखर हाणत राहिलात, घरात कुणाजवळ चकार शब्द काढला नाहीत. बैलाची धडधड ज्या हाताला कळायची, तो हात स्वतःच्या छातीवर ठेवायला काय झालं होतं? याचा मला अजून राग येतो. राग आला की तुमची आठवण येते, आणि मग राग टिकत नाही.

हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवून देईन, दुसरं कुठे पाठवणार. एक मात्र सांगते. परवा पळताना दम लागला, घड्याळ अजून गप्पच होतं. रस्त्यावर कुणी नाही असं बघून मी मोठ्याने म्हणाले, "बाबा, थकली मी." आणि थांबले.